मोकळ्या मैदानावरचा कार्यक्रम आणि बिघडलेलं हवामान: थांबवायचं कधी, आणि लोकांना पाठवायचं कुठे?

मोकळंमैदान

नमस्कार. मी एका महाविद्यालयात शिकवते. गेली चार वर्षं आमच्या महोत्सवाच्या खुल्या मंचाची जबाबदारी माझ्याकडे आहे. शेवटच्या संध्याकाळी साधारण ४,००० मुलं मैदानावर असतात. मैदानाला दोन फाटकं आहेत: पुढचं ३ मीटर रुंद, मागचं २.४ मीटर.

मागच्या वर्षी कार्यक्रम ऐन रंगात असताना वारा सुटला. पाऊस अजून आलाही नव्हता. मंचामागचा मोठा फलक एका कोपऱ्यातून सुटला आणि फडफडायला लागला. मी ध्वनिवाल्यांकडे धावले, ते म्हणाले, प्राचार्यांना विचारा. प्राचार्य पाहुण्यांसोबत होते, ते म्हणाले, मांडववाल्यांना विचारा. हे चालू असतानाच टपोरे थेंब पडायला लागले आणि मुलं आपणहून ग्रंथालयाच्या व्हरांड्याकडे पळत सुटली. ग्रंथालयाला कुलूप होतं. पुढचे दाराशी अडले, मागचे रेटत राहिले. एका मुलीचं मनगट मोडलं, तिघं-चौघं खरचटले. त्यावर भागलं. पण दाराला चिकटलेले ते चेहरे अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

यंदा सुरक्षेचा आराखडा मी लिहिते आहे. गेल्या वर्षीच्या कागदावर एकच ओळ होती: 'हवामान बिघडल्यास योग्य तो निर्णय घेण्यात येईल.' कोण घेईल, कशावरून घेईल, लोक कुठे जातील, काहीच नाही. ज्यांनी अशा कार्यक्रमांत काम केलं आहे त्यांनी कृपया अनुभव सांगा. तांत्रिक असलं तरी चालेल.

कनात

ताई, मी वीस वर्षं मांडव, मंच आणि ट्रस (मंचावरची दिवे-फलक पेलणारी धातूची चौकट) उभारण्याच्या धंद्यात आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो. 'खराब हवामान' असा एकच शब्द आराखड्यात ठेवू नका. पाऊस, वारा आणि वीज ही तीन वेगळी संकटं आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्यात जीवघेणा ठरतो. नुसता पाऊस असेल तर लोकांना मांडवाखाली घेणं बरोबर. वारा असेल तर तोच मांडव मैदानावरची सर्वांत धोक्याची जागा. वीज असेल तर मांडव, झाड, प्रेक्षागाराचं बाजूंनी उघडं छप्पर, यांतलं काहीच आडोसा म्हणून धरायचं नाही. वायरिंग आणि नळ असलेली पक्की इमारत किंवा वरून पत्रा असलेली बंद गाडी, एवढंच.

वाऱ्याबद्दल लोकांचा अंदाज फार चुकतो. वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. तुमचा मंचामागचा फलक समजा ६ मीटर बाय ४ मीटर आहे. ताशी ४० किलोमीटरच्या झोतात त्यावर साधारण १८० किलो वजनाएवढा जोर पडतो. ताशी ८० ला तोच जोर ७०० किलोच्या वर जातो. हा सगळा भार ज्या ट्रसला फलक बांधला आहे त्याच्यावर येतो. म्हणून माझ्या कामात फलक नेहमी झटक्यात सोडता येईल असा बांधलेला असतो, आणि तो सोडायला माणूस नेमलेला असतो. फलक गेला तर गेला, मंच राहतो.

दुसरं, पावसाचं पाणी. छताचं कापड सैल असलं की खोलगट जागी पाणी साचतं. १० चौरस मीटर भागात सरासरी १० सेंटीमीटर पाणी साठलं की एक टन वजन झालं. ते फुगतंय हे खालून दिसतं, आणि तेव्हा कुणीतरी बांबूने खालून ढोसायला जातो. त्या माणसाच्या डोक्यावरच ते येतं. कापड ताणलेलं आणि उताराचं हवं, साचलं तर खालची माणसं आधी बाजूला.

आणि ज्याने मंच उभारला त्याच्याकडून लेखी घ्या की किती वाऱ्यापर्यंत हा टिकेल आणि किती वाऱ्याला कोणता भाग उतरवायचा. हा आकडा प्रत्येक बांधणीचा वेगळा असतो, दुसऱ्याचा उचलून चालत नाही. जो हा कागद देत नाही त्याच्याकडून मंच घेऊ नका. माझ्याच धंद्यातले लोक यावर नाराज होतील, तरी सांगतो.

वळीव

कनातदादांनी वाऱ्याचा हिशेब दिला, मी ढगांकडून बोलतो. हवामानाचा अभ्यास हाच माझा पेशा.

ताईंनी लिहिलंय, 'पाऊस अजून आलाही नव्हता.' ही फार महत्त्वाची ओळ आहे. वादळी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि ढगाच्या पुढे पुढे धावते. त्यामुळे सर्वांत जोराचा झोत कित्येकदा पहिल्या थेंबाच्या आधी येतो. पाऊस सुरू झाला की बघू, असं म्हणणारा माणूस तेव्हा उशीर करून बसलेला असतो. अचानक गार वारा लागला, वाऱ्याची दिशा फिरली, धूळ उठली, तर मिनिटं मोजायला लागा.

अमेरिकेत इंडियाना राज्याच्या जत्रेत १३ ऑगस्ट २०११ ला नेमकं हेच झालं. वादळ अजून पूर्ण आलं नव्हतं, त्याच्या पुढच्या झोताने मंचावरचं छत प्रेक्षकांवर कोसळलं. सात जण गेले, पन्नासहून अधिक जखमी झाले. नंतरच्या तांत्रिक तपासात दिसलं की छताला आधार देणारे ताणाचे दोर ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधले होते ते ठोकळे जमिनीवरून सरकले, त्यांची ताकद गरजेपेक्षा फारच कमी होती. त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, बेल्जियममधल्या हासेल्टजवळच्या पुकेलपॉप महोत्सवात काही मिनिटांच्या वादळाने शामियाना पाडला, झाडं पाडली, पाच जण गेले.

आता अंदाज कसा वाचायचा ते. अंदाजात दिलेला वेग बहुतेक वेळा सरासरीचा असतो. नुकसान करतो तो झोत, आणि तो सरासरीच्या दीडपट-दुप्पट असू शकतो. म्हणून अंदाजात दोन्ही आकडे बघा आणि निर्णय झोतावर घ्या. वेगमापक मंचाच्या छताच्या उंचीवर लावा. जमिनीवर धरलेलं यंत्र नेहमी कमी दाखवतं, कारण गर्दी, भिंती आणि झाडं वारा अडवतात.

दुसरीघंटा

मी थोडं वेगळं बोलते, राग नसावा. मी एका संस्थेच्या प्रशासनात आहे. प्रत्येक ढग बघून कार्यक्रम थांबवला तर एकही कार्यक्रम पुरा होणार नाही. दोनदा थांबवून ऊन पडलं की तिसऱ्यांदा तुमचं कुणी ऐकत नाही, हेही धोक्याचंच आहे. मुलांनी सहा महिने सराव केलेला असतो. पाहुणा कलाकार परत मिळत नाही. थांबवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी शिव्या बसतात आणि न थांबवता सगळं नीट पार पडलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. हा ताण जो खुर्चीवर बसतो त्यालाच कळतो.

वळीव

दुसरीघंटा, राग कशाला, मुद्दा अगदी खरा आहे. पण त्याचं उत्तर थांबवणं पुढे ढकलणं हे नाही. उत्तर आहे पायऱ्या पाडणं. पहिली पायरी: एक माणूस हवामानाच्या रडारकडे बघत बसतो, प्रेक्षकांना पत्ताही नसतो. दुसरी: इमारतींची दारं उघडतात, स्वयंसेवक जागेवर उभे राहतात, फलक उतरतो, मंचावर पुढचं सादरीकरण रोखून धरतात. हेही प्रेक्षकांना जवळपास कळत नाही. तिसरी: संगीत बंद, लोक आत. पहिल्या दोन पायऱ्यांवरून निमूट मागे फिरता येतं, त्यात कुणाचा विश्वास जात नाही. तिसरी तुम्ही वर्षातून एकदा वापराल किंवा वापरणारही नाही.

आणि थांबवणं म्हणजे रद्द करणं असंही नसतं. शिकागोत लोलापलूझा महोत्सवात ४ ऑगस्ट २०१२ ला वादळ येतंय म्हणून सुमारे ६०,००० लोकांना बागेतून बाहेर काढलं, बरेचसे जवळच्या भूमिगत वाहनतळांत गेले. वादळ गेल्यावर त्याच संध्याकाळी कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. जागा आधी ठरलेल्या होत्या म्हणून जमलं.

कंदील

मी कोचीच्या विद्यापीठाची आठवण करून देतो, कारण ताईंच्या ग्रंथालयाच्या दाराची गोष्ट वाचताना तेच डोळ्यांसमोर आलं. २५ नोव्हेंबर २०२३. कोची विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाचा तंत्रमहोत्सव, खुल्या प्रेक्षागारात संगीताचा कार्यक्रम. बाहेर मोठा जमाव थांबलेला. पाऊस आला आणि आडोशासाठी बाहेरचे लोक एकदम आत शिरले. आत उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. पुढचे पडले, मागच्यांना ते दिसलं नाही. चार जण गेले, त्यात तीन त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी.

तो पाऊस काही वादळी नव्हता. पाऊस कुणाला मारत नाही, पण आडोसा एकीकडे, माणसं दुसरीकडे आणि मधे एक अरुंद वाट असली की साधी सर पुरते. म्हणून ताई, तुमच्या आराखड्यात 'लोक कुठे जातील' हे 'कधी थांबवायचं' याच्याही आधी लिहा. लोक जाणारच आहेत. तुम्ही जागा नाही दिली तर ते स्वतः शोधतील, आणि सगळे एकच जागा शोधतील.

आणखी एक. फाटकाबाहेर ताटकळणारेही तुमचीच माणसं आहेत. बहुतेक आराखडे फाटकाच्या आतल्यांचाच विचार करतात.

मोकळंमैदान

कंदील, हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. आमच्याकडे ग्रंथालयाच्या व्हरांड्यात चार पायऱ्या चढून जावं लागतं.

सगळ्यांना एक प्रश्न. विजेसाठी आम्ही ३०-३० चा नियम लिहिला आहे. लखलखाट ते गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर थांबवायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत सुरू करायचं नाही. एवढं पुरेसं आहे का?

वळीव

एकट्यादुकट्या माणसाला पुरेसं आहे. चार हजारांच्या मैदानाला नाही. हिशेब मांडतो, सावकाश वाचा.

आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर जातो, म्हणजे ३० सेकंद म्हणजे १० किलोमीटर. वीज ढगापासून १५ किलोमीटरवरही कोसळू शकते, म्हणून ती १० किलोमीटरवर येईपर्यंत सगळे लोक आत पोचलेले असायला हवेत. तेव्हा निघायला सुरुवात करून उपयोग नाही.

आता निघायला किती वेळ लागतो? ब्रिटनमध्ये क्रीडामैदानांसाठी वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक आकड्यांनुसार सपाट वाटेवर रुंदीच्या एका मीटरमागे मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं जातात, पायऱ्यांवर ६६. तुमची दोन्ही फाटकं मिळून ५.४ मीटर. म्हणजे मिनिटाला ४४३ माणसं, ४,००० साठी नऊ मिनिटं. हा झाला कागदावरचा उत्तम दिवस. अंधार, चिखल, घाबरलेली गर्दी आणि एकाच फाटकाकडे झुकणारा लोंढा धरून मी निम्मा वेग धरतो, म्हणजे अठरा मिनिटं. निर्णय आणि घोषणा यांत पाच मिनिटं जातातच. फाटकापासून इमारतीपर्यंत दोन मिनिटं चालणं. एकूण पंचवीस मिनिटं.

वादळ ताशी ४० किलोमीटरने येत असेल तर पंचवीस मिनिटांत ते सुमारे १७ किलोमीटर सरकतं. १० आणि १७ मिळून २७. म्हणजे वीज २७ किलोमीटरवर असताना तुमची तिसरी पायरी सुरू व्हायला हवी. एवढ्या लांबचा गडगडाट कानाला ऐकूच येत नाही. शिवाय स्पीकर चालू असताना जवळचाही ऐकू येत नाही आणि मंचावरच्या दिव्यांपुढे लखलखाट विरून जातो. म्हणून कानांवर अवलंबून राहू नका. रडार आणि विजेची नोंद दाखवणारं ॲप बघणारा माणूस हवा. तो मंचापासून लांब, शांत खोलीत बसलेला असावा आणि त्याच्याकडे दुसरं कोणतंही काम नसावं.

परत सुरू करण्याचा ३० मिनिटांचा भाग मात्र जशाच्या तसा ठेवा. नवा गडगडाट झाला की घड्याळ पुन्हा शून्यावर.

कनात

वळीवसाहेब, हा हिशेब मी माझ्या सगळ्या कंत्राटांना जोडणार आहे.

उंचावर माणूस असेल तर त्याचं वेगळं लिहा. चित्रीकरणाचा मनोरा, दिव्यांचा मनोरा, कात्रीसारखी उचलणारी शिडी. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात २७ ऑक्टोबर २०१० ला फुटबॉलच्या सरावाचं चित्रीकरण करणारा विद्यार्थी अशाच शिडीसकट पडून गेला. वाऱ्याचे झोत ताशी ८० किलोमीटरच्या वर होते. वीस वर्षांचा मुलगा. नंतर विद्यापीठाने तिथे दुरून चालवायचे कॅमेरे बसवले. माझ्याकडे तरुण मुलं कामाला असतात, ती 'नको' म्हणत नाहीत. वाऱ्यात मनोऱ्यावर कुणी राहायचं नाही हे आपणच आधी ठरवून टाकायचं, त्यांच्यावर सोडायचं नाही.

हवा भरलेली घरं-घसरगुंड्या असतील तर त्यांचाही कागद वेगळा. टास्मानियात डेव्हनपोर्टच्या एका प्राथमिक शाळेत १६ डिसेंबर २०२१ ला वाऱ्याने उड्या मारायचं हवेचं घर उचललं, सहा मुलं गेली. अशा वस्तूंना ताशी ३८ किलोमीटर ही वरची मर्यादा ब्रिटनमध्ये धरतात. मी माझ्यापुरतं ठरवलंय, लहान मुलं असतील आणि झाडांचे शेंडे हलायला लागले की हवा काढायची.

चाकांवर

मी चाकाच्या खुर्चीवर असतो आणि महाविद्यालयात असताना एकही महोत्सव चुकवला नाही. तुमच्या पंचवीस मिनिटांत मी कुठे आहे?

लाकडी उतार पावसात निसरडा होतो. मैदान दहा मिनिटांत चिखल होतं आणि पुढची छोटी चाकं रुततात. वीज तोडली की इमारतीचं उद्वाहन बंद. आणि लोंढा सुरू झाला की खुर्चीच्या उंचीवरून फक्त पाठी दिसतात, दार दिसत नाही. एकदा मला चार मित्रांनी खुर्चीसकट उचललं होतं. त्यांचे उपकार विसरणार नाही, पण माझा जीव मित्रांच्या मनगटांवर ठेवायची वेळ यायला नको होती.

दुसऱ्या पायरीलाच आम्हाला हलवा, लोंढ्याच्या आधी. तळमजल्यावर, पायऱ्या नसलेल्या दाराची एक खोली आमच्यासाठी उघडी ठेवा. आमच्यापैकी कोण कुठे बसलंय हे एका स्वयंसेवकाला माहीत असू द्या. ढग नंतर दुसरीकडे गेला तर आम्ही परत बाहेर येऊ, आमची काही तक्रार नसेल.

मोकळंमैदान

लिहून घेतलं. ग्रंथालय बाद. तळमजल्यावरची परीक्षेची दोन दालनं आणि व्यायामशाळा. व्यायामशाळेला उतार आहे, पायरी नाही.

रातपाळी

मी आपत्कालीन विभागात परिचारिका आहे. सगळे पाऊस-वाऱ्यावर बोलताहेत, पण मोकळ्या कार्यक्रमातून माझ्याकडे सर्वांत जास्त माणसं उन्हाने आणतात. खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या उघड्यावरच्या सोहळ्यानंतर १४ जण गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिओमध्ये एका मोठ्या संगीत कार्यक्रमात उष्म्याने एक तरुणी गेली, आणि त्यानंतर तिथल्या सरकारने प्रेक्षकांना स्वतःचं पाणी आत नेऊ देण्याचा आदेश काढला. पाण्याच्या बाटल्या फाटकावर काढून घेण्याचा नियम तुमच्याकडे असेल तर पुन्हा विचार करा. घ्यायच्याच असतील तर आत किती नळ आहेत ते मोजा.

उष्णतेचा निर्देशांक (तापमान आणि दमटपणा मिळून अंगाला जाणवणारी उष्णता) सावलीतला असतो. थेट उन्हात उभ्या माणसाला तो ८ अंशांपर्यंत जास्त वाटू शकतो. आणि हानी फक्त कार्यक्रमात होत नाही, फाटक उघडण्याआधीच्या रांगेतही होते. दोन-तीन तास उन्हात, पाण्यावाचून, जागा जाईल म्हणून कुणी हलत नाही. फाटक लवकर उघडा, रांगेवर कापड बांधा, रांगेतच पाणी फिरवा.

ओळखायचं कसं ते स्वयंसेवकांना शिकवा. चक्कर, मळमळ, घाम, पायात गोळे: सावलीत घ्या, पाणी द्या, लक्ष ठेवा. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झिंगल्यासारखा चालायला लागला, ओळखेनासा झाला, तर तो उष्माघात आहे, शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असू शकतं. कित्येकदा सोबतचे म्हणतात, प्यायलाय, झोपू दे. त्याला झोपू देऊ नका. कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर काखेत आणि जांघेत, आणि रुग्णवाहिका बोलवा. गाडी येईपर्यंत गार करणं थांबवायचं नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

विजेबद्दल एक वाक्य. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावता येतो. श्वास आणि नाडी नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा, अशी माणसं वाचतात.

शेवटचीरांग

मी विद्यार्थी आहे, दोन वर्षं स्वयंसेवक होतो. आम्हाला काय सांगतात ते ऐका: 'गर्दी आवरा.' कशी, ते कुणी सांगत नाही. माझ्या हातात शिट्टी होती आणि समोर काही शे लोक. वॉकी-टॉकीवर सगळे एकदम बोलत होते, मोबाइलला रेंज नव्हती. मी ज्यांना 'डावीकडे जा' म्हणत होतो त्यांना मंचावरचा सूत्रसंचालक 'जागेवर बसून राहा' म्हणत होता.

कंदील

शेवटचीरांग, तुझ्या शेवटच्या वाक्यावरच इंडियानाची गोष्ट पुढे नेतो. तिथे छत पडण्याच्या जेमतेम मिनिटभर आधी मंचावरून घोषणा झाली होती. कार्यक्रम होईल अशी आशा आहे, गरज पडली तर अमुक इमारतींत जा, अशा अर्थाची. त्याच सुमारास दोन जबाबदार माणसांचं लोकांना बाहेर काढायचं ठरलं होतं, पण तो निर्णय ध्वनिक्षेपकापर्यंत पोचायच्या आत छत खाली आलं. थांबवण्याचा अधिकार नेमका कुणाचा, हेच तिथे स्पष्ट नव्हतं, असं चौकशीत दिसलं. ताई, तुमचे ध्वनिवाले, प्राचार्य आणि मांडववाले हीच गोष्ट आहे.

एकच नाव लिहा. आणि ते नाव मंचावरच्या कार्यक्रमाशी बांधलेल्या माणसाचं नको. सूत्रसंचालन, कलाकार, पाहुणे, निधी यांच्याशी ज्याचा संबंध आहे त्याला थांबवणं जड जातं, तो वाईट माणूस नसतो. रडार बघणारा, मांडववाला आणि वैद्यकीय पथक, या तिघांपैकी कुणीही त्याला 'थांबव' म्हणालं तर त्याने थांबवायचंच. चर्चा नंतर, कार्यक्रम थांबवल्यावर. सुरू करायला मात्र तिघांचाही होकार लागेल.

घोषणा आधी लिहून, छापून, मंचावर ठेवा. 'घाबरू नका' हे शब्द त्यात नकोत, ते ऐकूनच माणूस घाबरतो. आधी संगीत बंद, मग मैदानावरचे सगळे दिवे चालू, मग आवाज: 'वादळ येत आहे. कार्यक्रम थोडा वेळ थांबवत आहोत. मंचाच्या डाव्या बाजूच्यांनी मागच्या फाटकाने व्यायामशाळेत जा. उजव्या बाजूच्यांनी पुढच्या फाटकाने परीक्षा दालनात जा. चालत जा. पुढची सूचना तिथेच मिळेल.' सूत्रसंचालकाने हेच वाचायचं, स्वतःचं काही जोडायचं नाही. वीज गेली तर याच कागदाची प्रत प्रत्येक फाटकावर, बॅटरीच्या भोंग्यासोबत.

दुसरीघंटा

एकच नाव, हे पटलं. पण ते नाव कनिष्ठ माणसाचं असेल तर ऐन वेळी वरचा माणूस येऊन 'अजून दहा मिनिटं चालू दे' म्हणतो. मी स्वतः एकदा तसं म्हटलेलं आहे. काही झालं नाही त्या दिवशी, पण मी म्हणायला नको होतं. म्हणून कार्यक्रमाच्या आधी संस्थाप्रमुखांची सही घ्या: अमुक व्यक्तीचा थांबवण्याचा निर्णय कुणालाही फिरवता येणार नाही, मलाही नाही. आमच्याकडे हे दोन वर्षं आहे. सही करताना ते जरा थांबले, मग केली. आणि शिव्या खायची वेळ आली तेव्हा त्यांनीच पुढे होऊन खाल्ल्या, कारण कागदावर त्यांचं नाव होतं.

कनात

परत सुरू करताना घाई नको एवढंच जोडतो. लोक आत असताना छतावरचं साचलेलं पाणी, सैल झालेले ताणाचे दोर, मऊ जमिनीत खचलेले पाय बघायचे. वायरमनने ओल्या जोडण्या, जमिनीवरच्या केबल आणि जनरेटरचं अर्थिंग तपासून हिरवा कंदील दिल्याशिवाय एकही दिवा लावायचा नाही. ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-खटका (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा) प्रत्येक मंडलावर (सर्किटवर) हवाच, आणि त्याचं चाचणीचं बटण सकाळी दाबून बघायचं. मंच ओला असेल तर कलाकाराच्या हातात वायरचा माइक द्यायचा नाही.

मोकळंमैदान

आठवड्याने लिहिते आहे. प्राचार्यांची सही मिळाली. निर्णयाचं नाव आमच्या भूगोल विभागातल्या एका सहकाऱ्याचं आहे, त्यांचा महोत्सवाच्या कुठल्याच समितीशी संबंध नाही. दालनांच्या किल्ल्यांचे दोन संच केले, एक पहारेकऱ्याकडे, एक मागच्या फाटकावरच्या स्वयंसेवकाकडे. पण दुसऱ्या पायरीला दारं उघडून अडकवूनच ठेवायची आहेत, म्हणजे किल्ली शोधायची वेळच येणार नाही.

काल रात्री १२० स्वयंसेवकांना घेऊन मागच्या फाटकातून चालून पाहिलं. जमिनीवर मुद्दाम पाणी मारलं होतं, मोठे दिवे बंद. १२० जणांना १ मिनिट ५ सेकंद लागली. म्हणजे मीटरमागे मिनिटाला ४६. वळीव, तुमच्या निम्म्याच्या अंदाजाच्या फार जवळ.

कुठे अडतंय ते बघायला शेवटचीरांग यांच्यासारख्याच एका मुलाला भिंतीवर उभं केलं होतं. तो म्हणाला, फाटकाच्या आत प्रवेशिका तपासायचं टेबल आहे, लोंढा त्याला वळसा घालतो आणि तिथेच दाटतो. टेबल काढून परत चाललो: ५० सेकंद. मीटरमागे ६०. टेबल आता फाटकाच्या बाहेर गेलं आहे. पुढच्या फाटकाचं उद्या मोजते.

चाकांवर

व्यायामशाळेच्या उताराला कठडा आहे का? आणि ओला असताना बघितलात का?

मोकळंमैदान

कठडा एकाच बाजूला आहे. ओला असताना नाही बघितला. उद्या पुढच्या फाटकाबरोबर तोही भिजवून बघते. आमच्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी खुर्ची वापरते, तिला विचारलं, ती येते म्हणाली.